अवर्षणकाळातील भाजीपाला लागवडीचे नियोजन

अवर्षणकाळातील भाजीपाला लागवडीचे नियोजन म्हणजे पाऊस अपुरा पडला असता किंवा तो अपुरा पडण्याची चिन्हे दिसू लागली असता, कोणती भाजी, किती क्षेत्रावर, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने लावावी यासंबंधी शेतकऱ्याने घ्यावयाच्या निर्णयांची मालिका होय. क्षेत्र कमी करणे, जमीन पडीक ठेवणे आणि उभ्या पिकाचा काही भाग सोडून देणे हे निर्णयही या नियोजनात मोडतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

शासकीय व्याख्येप्रमाणे १ हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी सीमांत आणि १ ते २ हेक्टर जमीन असलेला शेतकरी अल्पभूधारक मानला जातो. अशा शेतकऱ्यास भाजीपाला हे वर्षभर थोडी थोडी रोकड मिळवून देणारे पीक असते. ज्वारी, बाजरी किंवा तूर ही पिके पावसाचा काही आठवड्यांचा खंड सोसू शकतात. बहुतेक भाज्या मात्र तो सोसू शकत नाहीत. भाज्यांची मुळे उथळ असतात आणि त्यांचा विक्रीयोग्य भाग ताजा व रसरशीत असावा लागतो. त्यामुळे पाण्याच्या टंचाईचा परिणाम उत्पादनाबरोबर मालाच्या प्रतीवर व दरावरही होतो.

या नियोजनातील मूळ अडचण काळाची आहे. बियाणे, रोपे, खत आणि मजुरी यांवरील बराच खर्च लागवडीच्या वेळीच करावा लागतो. पाणी पुरले की नाही हे मात्र दोन ते पाच महिन्यांनी समजते. म्हणून लागवडीच्या दिवशी विहिरीत किती पाणी आहे यापेक्षा पिकाच्या आयुष्यातील सर्वांत टंचाईच्या दिवशी किती पाणी उरेल, हा या निर्णयाचा खरा निकष ठरतो.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे उतरताना कोरडे होतात. त्यामुळे घाटमाथ्याच्या पूर्वेस उत्तर-दक्षिण असा पर्जन्यछायेचा पट्टा निर्माण झाला आहे. महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे शंभर किलोमीटर पूर्वेस असलेल्या माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. सातारा जिल्ह्यातील माण व खटाव, सांगली जिल्ह्यातील जत व आटपाडी, तसेच पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि सोलापूर या जिल्ह्यांचा मोठा भाग या पट्ट्यात येतो. कृषि-हवामान विभागणीत त्यास अवर्षणप्रवण विभाग म्हणतात. येथील पाऊस साधारणतः ७५० मिलिमीटरपेक्षा कमी असून तो जून-जुलै आणि सप्टेंबर अशा दोन टप्प्यांत अधिक पडतो. मधला ऑगस्ट महिना पुष्कळदा कोरडा जातो. सोलापूरच्या बाजूस सप्टेंबरमधील, म्हणजे पूर्वा, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांचा पाऊस रब्बी हंगामाच्या दृष्टीने निर्णायक असतो.

या प्रदेशाचा भूस्तर बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी केवळ झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये साठते; एकूण साठवणक्षमता अल्प असते. त्यामुळे चांगल्या पावसात विहिरी लवकर भरतात आणि उपसा सुरू झाल्यावर तितक्याच लवकर खाली जातात. सामान्य वर्षीही अनेक विहिरींचे पाणी फेब्रुवारी-मार्चनंतर तळाला जाते. अवर्षणाच्या वर्षी हीच अवस्था डिसेंबरमध्ये, क्वचित दिवाळीच्या सुमारासही येते.

== अवर्षणाचे प्रकार आणि लागवड ==

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार एखाद्या क्षेत्रातील हंगामी पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असेल, तर तेथे हवामानशास्त्रीय अवर्षण आहे असे मानतात. तूट २६ ते ५० टक्के असल्यास ते मध्यम आणि ५० टक्क्यांहून अधिक असल्यास तीव्र समजले जाते. याशिवाय नद्या, तलाव व भूजल यांचे साठे घटणे म्हणजे जलशास्त्रीय अवर्षण, आणि मुळांच्या कक्षेतील ओलावा पिकास अपुरा पडणे म्हणजे कृषी अवर्षण, असे भेद केले जातात.

भाजीपाला उत्पादकास हे भेद वेगवेगळ्या वेळी भेडसावतात. जुलै-ऑगस्टमधील पावसाचा खंड खरिपातील वाटाणा, घेवडा, गवार यांसारख्या पावसावर किंवा अर्धवट सिंचनावर घेतलेल्या पिकांना बाधतो. विहिरीत पाणी असल्यास एखाद्या संरक्षित पाण्याने ही पिके वाचतात. जलशास्त्रीय अवर्षणाचा फटका त्यानंतर बसतो. सप्टेंबरअखेर सरासरी गाठली तरी पाऊस थोड्याच जोरदार सरींत पडला असेल, तर पाणी वाहून जाते आणि विहिरी भरत नाहीत. अशा वर्षी आकडेवारीत अवर्षण दिसत नाही. रब्बी व उन्हाळी भाजीपाल्यास मात्र ते जाणवते.

== पाण्याचा अंदाज ==

लागवडीपूर्वी पाण्याचा अंदाज घेण्याच्या पारंपरिक व आधुनिक अशा दोन्ही रीती प्रचलित आहेत. विहिरीतील पाणी कोणत्या पायरीपर्यंत किंवा कोणत्या खडकापर्यंत आहे हे पाहणे, एकदा उपसल्यावर ती पुन्हा भरण्यास किती वेळ लागतो याची नोंद ठेवणे, शेजारच्या विहिरींशी तुलना करणे आणि ओढा केव्हा वाहायचा थांबला हे लक्षात ठेवणे या जुन्या रीती होत. पुन्हा भरण्याचा वेळ हा पातळीपेक्षा अधिक विश्वासार्ह मानला जातो. कारण पातळी केवळ साठा दाखवते, तर भरण्याचा वेग भूस्तरातून येणारी आवक दाखवतो.

आधुनिक साधनांमध्ये पंपाचा ताशी विसर्ग मोजणे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आणि हवामान विभागाचे अंदाज यांचा समावेश होतो. हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज एप्रिलमध्ये व सुधारित अंदाज मेच्या अखेरीस प्रसिद्ध करतो. ग्रामीण कृषी मौसम सेवेतून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, जिल्हानिहाय कृषिसल्ला दिला जातो. हंगामी अंदाज विस्तृत प्रदेशासाठी असल्याने एका गावाच्या किंवा शिवाराच्या लागवडीचा निर्णय केवळ त्यावर घेता येत नाही.

=== उदाहरणादाखल हिशेब ===

एक एकर (४० गुंठे) क्षेत्रावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर होय. एका विहिरीवरील पंप ताशी १०,००० लिटर पाणी देतो आणि नोव्हेंबरमध्ये तो रोज ३ तास चालतो असे मानू; म्हणजे रोज ३०,००० लिटर पाणी उपलब्ध आहे. हिवाळ्यात पिकाची गरज दिवसाला ४ मिलिमीटर धरल्यास एकरी सुमारे १६,२०० लिटर पाणी मुळांपाशी पोहोचले पाहिजे. ठिबक सिंचनाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर हे पाणी सुमारे ६७ गुंठ्यांस पुरते. पाटाने दिल्यास (कार्यक्षमता ६० टक्के) सुमारे ४४ गुंठ्यांस.

तेच पीक एप्रिलपर्यंत शेतात राहणार असेल तर चित्र पालटते. उन्हाळ्यात गरज दिवसाला ७ मिलिमीटर होते आणि पंप जेमतेम १ तास चालतो. उपलब्ध १०,००० लिटर पाण्यावर ठिबकने सुमारे १३ गुंठे आणि पाटाने केवळ ८ ते ९ गुंठे भिजतात. म्हणजे नोव्हेंबरमधील पाणी पाहून ६७ गुंठे लावणाऱ्या शेतकऱ्याचे एप्रिलमध्ये सुमारे ५४ गुंठे क्षेत्र पाण्यावाचून राहील. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात : दीर्घ मुदतीच्या पिकाचे क्षेत्र टंचाईच्या दिवसावरून ठरवावे लागते, आणि आज मुबलक असलेले पाणी टंचाईपूर्वी निघून जाणाऱ्या अल्पमुदतीच्या पिकास देता येते. प्रत्यक्षातील आकडे जमीन, हवा, पीक व विहीर यांनुसार बदलतात.

या हिशेबातून घरातील वापराचे व जनावरांचे पाणी आधी वजा करावे लागते. गावाच्या पाणीपुरवठ्याची विहीर आटली की खासगी विहिरीवरील हा भार वाढतो.

== क्षेत्र कमी करणे ==

अवर्षणात क्षेत्रकपातीचा निर्णय सर्वांत प्रभावी असतो, पण तो घेणे सर्वांत जड जाते. पाणी अर्धे झाले असता तेच क्षेत्र अर्ध्या पाण्यावर जगवण्याचा प्रयत्न बहुधा तोट्याचा ठरतो. भाजीपाल्यात अर्ध्या पाण्यावर अर्धे उत्पादन मिळतेच असे नाही. फुलोऱ्याच्या वेळी ताण बसला तर फळधारणाच होत नाही, आणि जे फळ धरते ते लहान, वेडेवाकडे किंवा कडवट निघते. बी-बियाणे, खत व मजुरी मात्र पूर्ण क्षेत्राची लागलेली असते.

कोणती जमीन पडीक ठेवायची, हा यापुढचा प्रश्न. पाणी धरून ठेवणारी मध्यम ते भारी जमीन आणि विहिरीजवळचे तुकडे लागवडीसाठी राखले जातात; हलकी, मुरमाड व दूरची जमीन सोडली जाते. दूरच्या तुकड्यापर्यंत उघड्या पाटाने पाणी नेताना वाटेतच बरेच पाणी मुरते. सोडलेल्या जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुरेसा ओलावा असल्यास रब्बी ज्वारी किंवा हरभरा घेता येतो. अवर्षणात वैरण महागत असल्यामुळे कडबा देणारी ज्वारी किंवा चाऱ्याचा मका हा, घरी जनावरे असलेल्या शेतकऱ्यास, भाजीपाल्याला समर्थ पर्याय ठरतो.

== पिकांची निवड ==

संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेने दिलेल्या पिकांच्या हंगामी पाणीगरजेच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत. तुलनेसाठी उसाची गरज शेवटी दिली आहे.

| पीक | हंगामी पाणीगरज (मिलिमीटर) |
|---|---|
| घेवडा | ३००–५०० |
| कोबी | ३५०–५०० |
| वाटाणा | ३५०–५०० |
| कांदा | ३५०–५५० |
| टोमॅटो | ४००–८०० |
| बटाटा | ५००–७०० |
| मिरची | ६००–९०० |
| ऊस | १,५००–२,५०० |

एकूण गरजेइतकेच महत्त्व पिकाच्या कालावधीला असते. या दृष्टीने भाज्यांचे पुढील गट पाडता येतात.

अल्पमुदतीच्या पालेभाज्या : मेथी साधारणतः २५ ते ३० दिवसांत, तर कोथिंबीर, पालक, शेपू व मुळा सुमारे ३० ते ४५ दिवसांत काढणीस येतात. यांना वारंवार पाणी लागते. परंतु पीक लवकर निघून जात असल्याने पुढील टंचाईचा धोका कमी असतो आणि गुंतवलेला पैसाही लवकर सुटतो. पाण्याचा ताण आणि उष्णता एकत्र आल्यास कोथिंबीर व पालक लवकर फुलोऱ्यावर येतात आणि मुळा जून होतो.

काटक शेंगभाज्या : गवार व चवळी ही पिके उष्णता आणि पाण्याचा ताण इतर भाज्यांच्या तुलनेत अधिक सोसतात. गवारीची मुळे खोल जातात. ही शेंगवर्गीय पिके जमिनीला नत्र देत असल्याने खताचा खर्चही आटोक्यात राहतो. तोडणीस मात्र मजूर अधिक लागतात.

फळभाज्या : टोमॅटो, वांगी, मिरची व भेंडी यांचे तोडे अनेक आठवडे चालतात. वांगी या गटात तुलनेने सोशिक आहेत. टोमॅटोत दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास फुलगळ वाढते. अनियमित पाण्यामुळे फळे तडकतात आणि त्यांच्या टोकाकडील भाग काळा पडतो. मांडव, तार व काठ्या यांचा खर्च मोठा असल्यामुळे पाण्याची खात्री नसताना वेलवर्गीय भाज्या आणि टोमॅटो यांची जोखीम सर्वाधिक असते.

कांदा : महाराष्ट्रात कांदा खरीप, रांगडा आणि रब्बी (उन्हाळ) अशा तीन हंगामांत घेतला जातो. उन्हाळ कांद्याची पुनर्लागवड डिसेंबर-जानेवारीत व काढणी मार्च ते मे या काळात होते. म्हणजे त्याच्या कंदवाढीचा काळ आणि विहिरी खाली जाण्याचा काळ एकच असतो. तथापि हा कांदा चाळीत काही महिने टिकतो, काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी त्याचे पाणी तोडावेच लागते आणि तो एकाच वेळी विकण्याची सक्ती नसते. यामुळे जोखीम असूनही शेतकरी कांद्याकडे वळतात.

बहुवर्षायू पर्याय : शेवगा एकदा रुजल्यानंतर कमी पाण्यावर तग धरतो आणि बांधावरही लावता येतो. तमिळनाडूत विकसित झालेला ‘पीकेएम-१’ आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण रुचिरा’ हे त्याचे परिचित वाण आहेत. शेवग्यामुळे जमीन अनेक वर्षांसाठी अडकते, हे त्याच्या निवडीपूर्वी पाहिले जाते.

पाण्याचा दर्जाही निवडीवर परिणाम करतो. खोल विंधनविहिरींचे पाणी काही ठिकाणी क्षारयुक्त असते. घेवडा, गाजर व कांदा ही पिके क्षारांना संवेदनशील आहेत; बीट ते बऱ्याच अंशी सहन करते.

== लागवडीची वेळ ==

पारंपरिक कालगणनेत पेरणी सूर्यनक्षत्रांवरून ठरते. ७-८ जूनच्या सुमारास सुरू होणाऱ्या मृग नक्षत्रात पेरणीस प्रारंभ करावा असा संकेत आहे. मृगाचा पाऊस पडून नंतर दीर्घ खंड पडल्यास उगवलेले पीक जळते आणि दुबार पेरणी करावी लागते. त्यामुळे पहिल्या सरीवर पेरणी न करता जमिनीत पुरेशी ओल जाऊन वाफसा येण्याची वाट पाहणे हितावह समजले जाते.

रोपे करून लावल्या जाणाऱ्या भाज्यांत निर्णय दोन टप्प्यांत विभागता येतो. टोमॅटोची रोपे साधारणतः चार, वांगी व मिरचीची पाच ते सहा आणि रब्बी कांद्याची सहा ते आठ आठवड्यांत लागवडीस तयार होतात. रोपवाटिकेस फार थोडे पाणी लागते. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस रोपे टाकून ठेवणे आणि डिसेंबरमध्ये विहीर पाहून किती क्षेत्रावर लावायची ते ठरवणे, ही रीत कांदा उत्पादकांत रूढ आहे. पाणी कमी असल्यास उरलेली रोपे विकली जातात. परिसरातील सर्वांचीच विहीर खाली गेली असेल, तर त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. रोपे वय उलटेपर्यंत थांबवल्यास उत्पादन घटते, त्यामुळे हा अवधी अमर्याद नसतो.

दुसरी रीत टप्प्याटप्प्याने लागवडीची. संपूर्ण क्षेत्र एकाच दिवशी न लावता १५ ते २० दिवसांच्या अंतराने लहान तुकडे लावले असता प्रत्येक टप्प्यास पाण्याचा नवा अंदाज घेता येतो. सगळे पीक एकाच वेळी फुलोऱ्यावर येत नसल्याने पाण्याची कमाल गरज विभागली जाते. कालव्याच्या लाभक्षेत्रात लागवडीचा दिवस आवर्तनाच्या तारखेशी जुळवावा लागतो. टंचाईच्या वर्षी धरणातील पाणी पिण्यासाठी राखून ठेवले जाते व आवर्तने कमी होतात. लागवडीनंतर तीन-चार दिवसांनी द्यावयाचे आंबवणीचे पाणी अशा वेळी विहिरीतूनच द्यावे लागते.

== सिंचन आणि मशागत ==

लागवडीचा निर्णय सिंचनपद्धतीपासून वेगळा करता येत नाही. सरी-वरंब्यावर पाटाने पाणी देण्याऐवजी ठिबक संच वापरल्यास तेवढ्याच पाण्यात अधिक क्षेत्र भिजते. ठिबक संच नसल्यास एक आड एक सरीस पाणी देण्याची पद्धत अवलंबतात. उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा वाळलेले गवत यांचे आच्छादन बाष्पीभवन कमी करते व तणही रोखते. अवर्षणात हीच सामग्री वैरण म्हणून लागत असल्याने तिचा तुटवडा पडतो. प्लास्टिक आच्छादन परिणामकारक असते, पण त्याचा खर्च लागवडीपूर्वीच करावा लागतो आणि वापरानंतर त्याच्या विल्हेवाटीचा प्रश्न उरतो. शेणखताचा भरपूर वापर, वेळेवर खुरपणी आणि पश्चिमेच्या बाजूस मका किंवा शेवरीसारखे वारा अडवणारे पीक हे जुने उपाय आजही उपयुक्त आहेत.

== हंगामाच्या मध्यात पाणी कमी पडल्यास ==

अंदाज चुकल्यास उभ्या पिकातून निवड करावी लागते. सर्व तुकड्यांना थोडे थोडे पाणी देण्यापेक्षा संवेदनशील अवस्थेतील पिकास ते प्राधान्याने दिले जाते. टोमॅटो व मिरची यांत फुलोरा आणि फळधारणा, घेवडा व वाटाणा यांत फुलोरा आणि शेंगा भरणे, कोबीत गड्डा धरणे आणि कांद्यात कंद पोसणे या त्या अवस्था होत. ज्या तुकड्याचे दोन-तीनच तोडे राहिले आहेत तो सोडून, नुकत्याच फुलोऱ्यावर आलेल्या तुकड्यास पाणी वळवण्याची प्रथा आहे. सोडलेल्या पिकात जनावरे चारली जातात. कोरड्या व उष्ण हवेत फुलकिडे, पांढरी माशी आणि कोळी यांचा उपद्रव वाढतो. पांढरी माशी टोमॅटोत पर्णगुच्छ रोग पसरवते. ताणाखालील पिकावर फवारणीचा खर्च वाढवावा की ते पीक सोडावे, हाही याच वेळचा प्रश्न असतो.

टँकरचे पाणी विकत घेऊन पीक जगवण्याचे प्रसंग फळबागांत अधिक आढळतात, कारण बाग गेल्यास अनेक वर्षांची गुंतवणूक बुडते. हंगामी भाजीपाल्यास असा खर्च क्वचितच परवडतो.

== बाजारभाव ==

अवर्षणात आवक घटल्याने भाज्यांचे दर चढतात. त्यामुळे पाणी असलेल्या थोड्या शेतकऱ्यांना मोठा लाभ होतो आणि पाणी नसलेल्यांनाही लागवडीचा मोह पडतो. पालेभाज्यांचे दर आठवड्यागणिक बदलतात. त्यामुळे पेरणीच्या वेळचा दर काढणीच्या वेळी मिळेलच असे नाही.

शासकीय धोरणाचाही या गणितावर परिणाम होतो. एल निनोच्या प्रभावाखालील २०२३ या वर्षी पाऊस अपुरा झाल्याने कांद्याच्या दरवाढीची भीती निर्माण झाली. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी केली. ती मे २०२४ मध्ये उठवण्यात आली. उन्हाळ कांद्याची पुनर्लागवड नेमकी डिसेंबर-जानेवारीत होते. त्यामुळे टंचाईचे पाणी कांद्यास द्यावे की नाही, हे शेतकऱ्यांना या अनिश्चिततेतच ठरवावे लागले.

== सामूहिक नियोजन ==

एकाने जपून वापरलेले भूजल शेजारचा खोल विंधनविहिरीने उपसू शकतो. यामुळे एकट्या शेतकऱ्याचा काटेकोर हिशेब अपुरा पडतो. या प्रश्नावर महाराष्ट्रात सामूहिक स्वरूपाचे काही प्रयोग झाले आहेत.

धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम आदी नद्यांवरील फड पद्धती ही शतकांची परंपरा असलेली सामूहिक सिंचनव्यवस्था आहे. बंधाऱ्याखालील जमीन फडांत विभागून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाणी पाहून कोणते फड भिजवायचे ते एकत्र ठरवायचे, असे तिचे स्वरूप होते.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायत चळवळीस आरंभ केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यावा (प्रत्येकी अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर), भूमिहीनांनाही पाण्यावर हक्क असावा आणि उसासारखी जास्त पाणी पिणारी पिके घेऊ नयेत, ही तिची प्रमुख तत्त्वे होत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून रब्बीची पिके ठरवण्याची पद्धत रुळली. सिंचनासाठी विंधनविहिरी न घेणे आणि ऊस, केळी यांसारखी पिके टाळणे हे नियम गावाने स्वीकारले. पवार यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

== शासकीय उपाययोजना ==

दुष्काळ जाहीर झाल्यावर जमीन महसुलात सूट, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती आदी सवलती दिल्या जातात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये १५१ आणि २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला; दोन्ही वेळी हा निर्णय ३१ ऑक्टोबरच्या सुमारास झाला. तोपर्यंत खरीप संपलेला असतो आणि रब्बी भाजीपाल्याचे बियाणे व रोपे यांवरील खर्च सुरू झालेला असतो. म्हणजे सवलतींचा उपयोग हानी सोसण्यास होतो. लागवडीचा निर्णय घेण्यास होत नाही. गावाची पैसेवारी प्रमुख पिकांवरून काढली जात असल्याने काही गुंठ्यांवरील भाजीपाल्याचे नुकसान तिच्यात ठळकपणे उमटत नाही.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली. ठिबक व तुषार सिंचन संचांसाठीही अनुदान दिले जाते. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये भूजलाच्या उपशावर नियंत्रणाची तरतूद आहे.

== मतभेद आणि मर्यादा ==

शेततळ्यांचा मूळ हेतू पावसाचे वाहते पाणी साठवण्याचा आहे. अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर लावलेली तळी विहिरीच्या पाण्याने भरली जातात. अशा तळ्यांमुळे सामाईक भूजल खासगी मालकीचे होते आणि उन्हाळ्यात त्याचे बाष्पीभवन होते, असा आक्षेप अभ्यासक घेतात. तळे असलेल्या शेतकऱ्यास मात्र त्यामुळे टंचाईच्या दिवसाचे पाणी आधीच मोजता येते व लागवड निश्चित करता येते, ही त्याची दुसरी बाजू आहे.

ठिबक सिंचनाने वाचलेले पाणी विहिरीत राहते की त्यावर आणखी क्षेत्र लावले जाते, याविषयीही मतभेद आहेत. क्षेत्र वाढल्यास एकूण उपसा पूर्वीइतकाच राहतो आणि अवर्षणात सोसावी लागणारी जोखीम उलट वाढते.

पाण्याचा ताळेबंद मांडून क्षेत्र कमी करावे, हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या योग्य असला तरी तो सर्वांना सारखाच पाळता येत नाही. ज्याच्यापाशी दुसरे उत्पन्न, जनावरे किंवा साठवलेले धान्य आहे तो जमीन पडीक ठेवू शकतो. ज्याला कर्जाचा हप्ता, मुलांचे शिक्षण आणि रोजचा बाजारखर्च त्याच एकरातून भागवायचा असतो, त्याच्या दृष्टीने न लावलेले क्षेत्र म्हणजे निश्चित तोटा आणि लावलेले क्षेत्र म्हणजे संभाव्य तोटा असतो. पाणी अपुरे असल्याचे माहीत असूनही लागवड केली जाते, त्यामागे अनेकदा हे कारण असते.

== हेही पहा ==

* अवर्षण
* पर्जन्यछाया
* ठिबक सिंचन
* शेततळे
* फड पद्धती
* पाणी पंचायत
* हिवरे बाजार
* कांदा चाळ